तांब्याची कुऱ्हाड आणि वेंगुर्ल्याची लाइन

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. त्यातलं बरंचसं आता विसरून गेलोय. पण वीतभर तांब्याच्या तुकड्याचा एक गुन्हा मला अजून सुखानं बसू देत नाही. त्यात कुणी मेलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. तपास माझाच होता आणि तो बरोबरच झाला. तरी बोच राहिली ती राहिलीच. त्यातली नावं मी सांगणार नाही, कारण त्या माणसांचे नातेवाईक अजून याच गावात राहतात.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी कोल्हापुरात फौजदार होतो. नोकरीला जेमतेम सात वर्षं झालेली, त्यामुळं अंगात रग होती आणि आपल्याला सगळं कळतं असा समजही होता. एका सकाळी ठाणे अंमलदार आत आला. तक्रार लिहून घ्यायला टेबलावर बसतो तो हा हवालदार.

"साहेब, म्युझियमवाले आल्यात. कुऱ्हाड गेली म्हणत्यात."

"कुणावर चालवली?"

"चालवली न्हाय. नुसतीच गेलीया."

म्युझियमचे प्रमुख साहेब बाहेर बाकावर बसले होते. शिकला-सवरलेला, किरकोळ अंगाचा माणूस, पण सारखे उठत-बसत होते, म्हणून मी आधी पाणी मागवलं. त्यांच्याकडे दूरच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या, टेकाडात खणताना सापडलेल्या तीन तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं त्या काळातल्या, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातली एक कपाटातून नाहीशी झाली होती. मी मनात म्हटलं, च्यायला, गंगावेशीत चांगल्या धारेची कुऱ्हाड मिळते आणि हा माणूस असल्या बोथट तुकड्यासाठी रडायला आलाय. तोंडानं अर्थातच तसं बोललो नाही. गुन्हा नोंदवला, दोन पंच घेतले आणि घटनास्थळी गेलो.

म्युझियमच्या त्या भागात लागून लागून दोन खोल्या होत्या. पहिलीत ताम्रयुग: खापराची मडकी, तांब्याच्या बांगड्या, मासे धरायचे गळ आणि त्या कुऱ्हाडी. सगळ्यावर हिरवट थर चढलेला. दुसऱ्या खोलीत जुनी तारयंत्रं आणि हाताने फिरवायचे टेलिफोन. तिथलं पितळ मात्र असं चमकत होतं की त्यात माझी टोपी दिसली. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे किल्ली वापरली होती. ताम्रयुगाच्या खोलीचा शिपाई मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता, आणि त्या आठवड्यापुरती किल्ली तारयंत्रांच्या खोलीतल्या म्हाताऱ्याकडे होती.

त्याला सगळे तारमास्तर म्हणत. साठीचा, काळी टोपी, उन्हाळ्यातसुद्धा कोट. तार ऑफिसात तीस-बत्तीस वर्षं कडकट्ट करून निवृत्त झालेला. कोल्हापूर-वेंगुर्ला लाइन मोर्सवरून टेलिप्रिंटरवर गेली तेव्हा त्याचं यंत्र म्युझियमला दिलं गेलं, आणि त्या यंत्राच्या मागोमाग हा गडीही अर्ज घेऊन तिथं हजर झाला. मी प्रश्न विचारले. त्यानं "न्हाय साहेब" आणि "ठाऊक न्हाय साहेब" याच्यापलीकडं काही सांगितलं नाही. पण कपाळावर घाम आला होता. घाम बघितला की पोलीस खूष होतो.

तीन दिवसांनी खबर आली, ती शिरोली एमआयडीसीतून. तिथं एका फाउंड्रीच्या दारात चहाची टपरी चालवणारा माझा माणूस होता. तो सायकल मारत ठाण्यात आला आणि हसतच सुटला.

"साहेब, एक कोटवालं म्हातारं चार फाउंड्र्या फिरून गेलं. इचारतंय काय, तर घासून लख्ख केलेलं तांबं परत हिरवं कसं करायचं! सगळी दुनिया हिरवं काढाय बसल्या, आन् ह्यो चढवाय निघालाय. पोरं हसून हसून गार झाली."

मला मात्र हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. नवी कुऱ्हाड ओतून घ्यायची, तिला जुनी दिसेल असा हिरवा रंग चढवायचा, ती कपाटात ठेवायची आणि खरी मुंबईमार्गे परदेशात पाठवायची. केवढी मोठी टोळी! मी तर मनातल्या मनात पोलीस अधीक्षकांच्या हस्ते बक्षीस घेऊन मोकळा झालो.

उचगावात तारमास्तराचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको वारलेली, मुलगी सासरी. मी जीप थेट दारात नेऊन लावली. शिट्टी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली होती. सगळी गल्ली गोळा झाली. घरझडतीत मिळालं काय? भिंतीवर बुद्धाची तसबीर, एक स्टोव्ह, दोन पातेली आणि ट्रंकेत जपून ठेवलेलं तार खात्याचं ओळखपत्र. तारमास्तर टोपी हातात घेऊन उंबऱ्यात उभा होता. शेजारची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "ह्या वस्तीतनं पयला सरकारी नोकर ह्योच झालता की! ह्येच्या घरात पोलीस?" त्यानं मान खाली घातली. त्याच्या आयुष्यातली ती अब्रू मी एका दुपारी रस्त्यावर आणली, आणि तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नाही.

त्याला चौकशीला बोलावलं. दोन दिवस सकाळी दहाला यायचं आणि संध्याकाळी सोडायचं असा क्रम. मी दरडावलं, गोड बोललो, चहा पाजला, टेबल आपटलं. मास्तर गप्प. बाहेरच्या बाकावर बसवलं की फळीवर उजव्या हाताच्या बोटानं टकटक करत राहायचा. मी एकदा ओरडलो, "मास्तर, ते बोट आवरा, नाहीतर बांधून ठेवीन." त्यानं बोट आवरलं आणि थोड्या वेळानं टकटक परत सुरू झाली.

आमच्या ठाण्याला लागूनच बिनतारी संदेशाची खोली होती. तिथला हवालदार कसबा बावड्याचा, तोंडाळ पण कामाला चोख. पोलिसांचे संदेश तेव्हा बहुतेक मोर्समध्येच जात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवणाचा डबा घेऊन बाहेर आला, बाकाजवळून जाताजाता थांबला आणि तसाच माझ्या खोलीत घुसला.

"साहेब, त्यो म्हातारा नुसतं बोट वाजवत न्हाय. बोलतोय."

"काय बोलतोय?"

"आमचं टूं-टां असतंय, लांब-आखूड आवाज कळतोय. ह्येचं तारवाल्यांचं नुसतं टकटक, म्हणून मलाबी येळ लागला. डी के, डी के म्हंजे त्यो सोता. आन् आर टी, आर टी करून कुणाला तरी हाका मारतोय. दोन दिस झालं, एकच. आर टी, हाय का? आर टी, हाय का?"

माझा आनंद काय सांगू! साथीदार सापडला! आर टी कोण, एवढंच शोधायचं राहिलं. मी हवालदाराला म्हटलं, "जा, त्याच्याशेजारी बस, आणि बोल त्याच्याशी. कबूल करून घे."

तो बाकावर बसला. डबा मांडीवर ठेवला आणि फळीवर बोट वाजवलं. मी दारातून बघत होतो. तारमास्तराचं बोट जागच्या जागी थांबलं. त्यानं वळून हवालदाराकडं बघितलं. मग तो रडायला लागला. साठीचा माणूस, भर ठाण्यात, कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता. आणि रडतारडता फळीवर त्याचं बोट भराभर चालू झालं. जे तोंडानं मला दोन दिवसांत सांगवलं नाही ते त्यानं पाव तासात बोटानं सांगून टाकलं. हवालदाराचा डबा तसाच राहिला.

हकिगत अशी होती. म्युझियमला मुंबईहून कुणी मोठे अधिकारी भेट देणार होते. तार ऑफिसात तपासणीचा साहेब आला की तो आधी पांढरा रुमाल काढून यंत्राच्या पितळेवर फिरवायचा, आणि रुमाल काळा झाला की शेरा बसायचा. तारवाल्यांची सगळी हयात त्या रुमालाच्या धाकात गेलेली. शेजारच्या खोलीतल्या कुऱ्हाडी बघून मास्तरचा जीव कळवळला. बिचाऱ्या शिपायानं किती वर्षं हात लावला नाही, कळकून गेल्यात! रजेवरच्या माणसावर शेरा नको म्हणून त्यानं शुक्रवारी संध्याकाळी चिंच आणि मीठ आणून एक कुऱ्हाड घासली. लालभडक निघाली. स्वतःवरच खूष होऊन त्यानं ती वाळायला आपल्या टेबलावर ठेवली आणि उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी घासायच्या ठरवल्या. शनिवारी सकाळी प्रमुख साहेब कॉलेजच्या मुलांना बांगड्या दाखवत सांगत होते, "हा हिरवा थर म्हणजे हिच्या वयाचा दाखला. हा गेला की वस्तू गेली." मास्तरनं ते ऐकलं. त्यानं कुऱ्हाड उचलली आणि तारयंत्राच्या खाली जी बॅटरीची लाकडी पेटी असते, तिच्यात दडवली. ती परत हिरवी करता आली तर गुपचूप जागेवर ठेवायची, एवढाच त्याचा बेत होता. टोळी, मुंबई, परदेश, सगळं माझ्या डोक्यातलं होतं.

कायद्यानं पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि फळीवरच्या टकटकीची तर गोष्टच सोडा. पण सांगितलेल्या जागी वस्तू मिळाली की ते चालतं. पंचांसमक्ष निवेदन लिहून घेतलं आणि म्युझियमात जाऊन पेटी उघडली. कुऱ्हाड वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. प्रमुख साहेबांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. त्यांनाही रडू आलं. एका वस्तूपायी त्या दिवशी दोन मोठी माणसं रडताना बघितली.

"मास्तर, अहो विचारायचं तरी!" एवढंच ते म्हणाले.

ठाण्यात परतल्यावर मी मास्तरला आत बोलावून दार लोटलं. पहिल्यांदा त्याला बसायला खुर्ची दिली.

"एवढं लपवायचं काय कारण होतं? चूक झाली म्हणायचं."

"मग काढून टाकलं असतं की साहेब."

"काढलं तर काढलं. दुसरीकडं कुठंही बसला असता."

"दुसरीकडं मशीन न्हाय."

"आणि हा आर टी कोण?"

त्यानं टोपीची घडी घातली. मग म्हणाला, "वेंगुर्ल्याचा. अठरा वर्सं लाइनवर हुता. ड्यूटी संपताना पाच मिनिटं बोलायचो. खात्याला चालत न्हवतं ते, पर सगळीच करत्यात. बायको गेली तवा पयला त्येलाच कळवलं. त्येची पोरगी पास झाली तवा पयलं मला. मग टेलिप्रिंटर आला. एक दिस नुसता 'राम राम, उद्या बोलू' म्हणला. उद्या लाइनच न्हवती."

मी म्हटलं, "अहो, वेंगुर्ला काय विलायत आहे? सकाळच्या एस.टी.त बसायचं, दुपारी पोचायचं. अठरा वर्षांत एकदाही भेटला नाहीत?"

"नावच ठाऊक न्हाय, साहेब."

"नाव विचारलं नाही?"

"त्येनं इचारलं न्हाय, मीबी न्हाय. नावामागनं आडनाव येतंय. आडनावामागनं काय काय येतंय, ते तुम्हास्नी काय सांगू. तारेवर तसलं काय न्हवतं बघा. दोन अक्षरं त्येची, दोन माझी. मला उभ्या जन्मात कुणी इतकं बरोबरीनं बोललं न्हाय." मग म्हणाला, "त्या मशीनवर हात ठेवला की वाटतंय, पल्याड हाय अजून."

याच्या दारात मी जीप नेऊन लावली होती, हे आठवून मला स्वतःची लाज वाटली.

प्रकरणाचा शेवट मी नीट केला, हे सांगायला हरकत नाही. लबाडीनं नेण्याचा हेतू नव्हता, वस्तू इमारतीबाहेर गेलीच नव्हती. 'सी' समरी मागितली, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा, आणि कोर्टानं ती मंजूर केली. प्रमुख साहेब भला माणूस. त्यांनी मास्तरला ठेवून घेतलं. फक्त ताम्रयुगाच्या खोलीत पाय टाकायचा नाही ही अट घातली. उचगावात जाऊन मी गल्लीत चार माणसांसमोर मोठ्यानं सांगितलं की मास्तरनी काही चोरलेलं नाही. आणि एक काम मी होऊन केलं. वेंगुर्ल्याच्या ठाण्याला संदेश पाठवला: तार ऑफिसातून निवृत्त झालेला, लाइनवर आर टी अशी खूण वापरणारा इसम आहे का?

आठवड्याभरात उत्तर आलं. मास्तरला बोलावून कागद पुढं केला तर तो हात मागं घेऊन उभा राहिला.

"नाव वाचू नका, साहेब. जिता हाय का, तेवढं सांगा."

"आहे. तब्येत नरम असते म्हणे, पण आहे."

तो नुसता हसला. माणूस किती दिवसांनी हसतोय ते चेहऱ्यावर कळतं. मी म्हटलं, "जा आता भेटायला." त्यावर म्हणाला, "बघतो की." पण तो जाणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याच्याशी जन्मभर दोन अक्षरांच्या ओळखीवर बोललो त्याच्यापुढं आडनाव घेऊन उभं कसं राहायचं, या भीतीनं त्याचे पाय बांधले होते.

हे बिनतारीच्या हवालदाराला बरोबर कळलं. तो एक दिवस म्हणाला, "साहेब, वेंगुर्ल्याच्या ठाण्यात आता बिनतारी संच बसलाय. तिथला गडी माझा वळखीचा. दुपारी लाइन मोकळी असती. त्या म्हाताऱ्याला तिथं आणतो म्हणतोय, आपण मास्तरला हितं बसवू. पाच मिनिटं. कुणाला पत्त्या लागणार न्हाय."

मी म्हणालो, बघू.

आणि त्यानं माझं 'बघू' म्हणजे होकारच धरला. मंगळवारी दुपारी मी ठाण्यात आलो तर मास्तर बाकावर बसलेला. कोटाला इस्त्री, दाढी गुळगुळीत. हवालदार दारात उभा राहून मला डोळ्यानं खुणावत होता. त्याच आठवड्यात आमची वार्षिक तपासणी होती. माझी बढती त्यावर होती. सरकारी संचावर खाजगी बोलणं, नोंदवहीत काय दाखवायचं? उद्या कुणी बोट ठेवलं तर? मी हवालदाराला आत घेऊन झाडलं. "हे पोलीस ठाणं आहे की चावडी? सरकारी यंत्र आहे ते. मला न विचारता तू माणसं बोलावतोस?"

"साहेब, पल्याड त्यो येऊन बसलाय. पाच मिनिटं द्या की."

"नाही म्हटलं ना!"

मग मी बाहेर जाऊन मास्तरला सांगितलं की आज जमणार नाही, नियमात बसत नाही, तपासणी झाली की बघू. मला वाटलं, गयावया करील. तो उठला, कोट सारखा केला आणि म्हणाला, "बरं, साहेब. तुमचंबी बरोबर हाय." आणि गेला. आतल्या खोलीत हवालदार वेंगुर्ल्याला काहीतरी कळवत होता. ते मी ऐकायला थांबलो नाही.

तपासणी उत्तम झाली. चांगला शेरा मिळाला. नंतर एक बंदोबस्त, मग एक दरोडा, आणि 'झाली की बघू' तसंच राहून गेलं. मी विसरलो, खरं तेच सांगतो.

पावसाळा सरता सरता मास्तर ठाण्यात आला. हातात पोस्टकार्ड होतं. वेंगुर्ल्याच्या ठाण्यातून पत्ता घेऊन आर टीच्या मुलीनं लिहिलं होतं. वडील गेले, त्या दिवशी तुमच्याशी बोलणं होणार म्हणून नवा सदरा घालून पोलीस ठाण्यात गेले होते, नंतरही रोज विचारत, परत केव्हा बोलावलंय. मास्तरला चष्म्यातून अक्षर लागत नव्हतं म्हणून त्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं. खाली सहीत आडनाव होतं. मी वाचताना थांबलो. तो म्हणाला, "वाचा साहेब, आता काय." मी वाचलं. ते आडनाव ऐकून तो हळूच म्हणाला, "आमच्यातलाच हुता की."

वडील गेल्याची तारीख मी बघितली. मंगळवारनंतर एकोणीस दिवसांनी तो माणूस गेला होता. तपासणी चौथ्या दिवशी संपली होती. पंधरा दुपारी माझ्या हातात होत्या.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं निवृत्तीनंतर लोक विचारतात. मी सांगतो, संशयितावर ओरडण्याआधी त्याचं काम काय होतं ते समजून घ्यावं. ते खरं आहे आणि नव्या अधिकाऱ्यांच्या उपयोगाचंही आहे. पण मला जे शिकायला मिळालं ते दुसरंच आहे. ज्या चुका मी केल्या, त्या निस्तरता आल्या: गल्लीत खुलासा करता आला, समरी मंजूर झाली. नियम पाळला, त्याचं मात्र काहीच करता आलं नाही. त्याबद्दल मला कधी कुणी जाब विचारला नाही. खात्यानं नाही, हवालदारानं नाही. तारमास्तर त्यानंतर चार वर्षं जगला, बाजारात दिसला की टोपी काढून नमस्कार करायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. एकदाही तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.